गळक्या होडीचा इतिहास

श्रोतेहो, इतिहासाचा शिक्षक बोलायला उभा राहिला म्हणजे तो एखाद्या गडाची नाहीतर लढाईची हकीकत सांगणार, अशी आपली समजूत असते. आज मी आपल्याला एका भोकाची हकीकत सांगणार आहे. मासे धरायच्या एका लहानशा पत्र्याच्या होडीला पडलेल्या भोकाची. भोक आमच्या गावच्या होडीला पडले. पण त्याचे मूळ शोधत गेलो, तेव्हा अडीचशे वर्षांहून मागे, इंग्लंडातल्या एका गोदीत जाऊन पोहोचलो. शिवाय त्या भोकाला मीही थोडाबहुत कारण झालो होतो. तेव्हा ही हकीकत सांगणे माझ्याकडेच येते.

आमची शाळा धरणाच्या फुगवट्याच्या काठी होती. धरण झाले, पाणी फुगत फुगत शेतांवर चढले, आणि ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांतल्या काहींनी नांगर खाली ठेवून जाळे हाती घेतले. त्यांतच एक तात्या होते. त्यांना सारा गाव तात्याच म्हणे. तात्यांनी कर्ज काढून एक होडी केली होती. जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा, म्हणजे आपण घरावर घालतो तसलाच, पण जरा जाड. त्याच्या कडा एकमेकींवर चढवून रिव्हेट मारलेले, आणि सांधे वरून झाळून घेतलेले. दोन माणसे, एक जाळे आणि चार पाट्या मासळी, एवढा त्या होडीचा संसार. तिच्यावर तात्यांचे घर चालले होते.

एका वर्षी होडी खडकावर घासली आणि तळाला चीर पडली. मुलगा वल्ही मारायचा आणि तात्या डब्याने पाणी उपसायचे. पहाटे हे दृश्य मी शाळेच्या ओट्यावरून रोज पाहत होतो. शेवटी मला राहवले नाही. माझ्या घरी माळ्यावर आमच्या आजोबांचा जुना, फुटका तांब्याचा बंब पडलेला होता. मी तो उतरवला आणि तात्यांना म्हणालो, "तात्या, ह्याच्या पत्र्याचं ठिगळ मारून घ्या. तांब्याला लोखंडासारखा गंज चढत नाही. हे ठिगळ तुमच्या नातवालाही पुरेल." तात्यांना पटले. तांब्याची भांडी घडवणाऱ्या कारागिराकडून त्यांनी दीड वीत लांबीचे ठिगळ कापून घेतले, तांब्याच्याच रिव्हेटांनी ठोकून घेतले, आणि काय सांगावे, गळती थांबली! मला मोठा आनंद झाला. गुरुजींनी होडी वाचवली, असे चार लोक म्हणाले, तेही गोड लागले.

दोन पावसाळे गेले. तिसऱ्या श्रावणात एका पहाटे तात्या आणि त्यांचा मुलगा ऐन पाण्याच्या मध्यावर जाळे ओढत असताना होडीचा तळ एकदम उघडला. पाणी आले ते डब्याने उपसण्याजोगे नव्हतेच. जाळ्याला तरंग म्हणून रिकामे डबे बांधलेले होते, त्यांना धरून बापलेक काठाला लागले. जीव वाचले. होडी गेली, जाळे गेले, कर्ज मात्र राहिले.

उन्हाळ्यात पाणी उतरले तेव्हा होडी गाळात सापडली. माझे ठिगळ एका बाजूच्या रिव्हेटांवर लोंबकळत होते. त्याच्या भोवतीचा पत्रा भाजलेल्या पापडासारखा झाला होता, बोट लावले की तुकडा पडायचा. आणि नवलाची गोष्ट अशी की, ठिगळापासून हातभर लांबचा पत्रा पुष्कळसा धड होता. तात्यांनी ठिगळ काढले, चिंचेने घासले, आणि शाळेत येऊन माझ्या टेबलावर ठेवले. लखलखीत होते ते! तात्या रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "गुरुजी, तांबं जसंच्या तसं हाय. मग पत्रा का सडला?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी इतिहास शिकवणारा माणूस, रसायनाशी माझा संबंध मॅट्रिकनंतर सुटलेला. पण प्रश्न मनात रुतून बसला. पुढे वाचता वाचता त्याचे उत्तर मला माझ्याच विषयात, इतिहासात सापडले.

श्रोतेहो, आता आपण थोडे मागे जाऊ या. अठराव्या शतकात सगळी मोठी जहाजे लाकडाची असत. लाकडी जहाजाची गळती थांबवण्याची विद्या फार जुनी. फळ्यांच्या सांध्यांत कापूस किंवा तागाचे दोर ठासायचे आणि वरून राळ नाहीतर डांबर ओतायचे. आपल्या कोकण किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या हे काम होत आले आहे. पण लाकडाला समुद्रात दुसरा एक शत्रू असतो. उष्ण समुद्रात लाकूड पोखरणारा एक प्राणी राहतो. दिसायला अळीसारखा, पण जातीने शिंपल्याचा भाऊबंद. तो बाहेरून सुईएवढे भोक पाडून फळीत शिरतो आणि आतून तिची चाळण करून टाकतो. वरून फळी धड दिसते, आणि आत काही उरलेले नसते. शिवाय जहाजाच्या तळाला शेवाळ आणि शंखशिंपले चिकटून त्याची चाल मंदावते, ते वेगळेच.

ह्यावर तोड म्हणून इंग्रजांच्या आरमाराने १७६१ साली एक प्रयोग केला. 'अलार्म' नावाच्या ३२ तोफांच्या जहाजाच्या तळाला त्यांनी तांब्याचे पातळ पत्रे ठोकून बसवले आणि जहाज वेस्ट इंडीजच्या उष्ण समुद्रात धाडले. अंदाज असा की, तांब्यातून किडा जाणार नाही आणि तांब्यावर शेवाळ धरणार नाही. जहाज परत आले. १७६३ साली वूलिचच्या गोदीत त्याची तपासणी झाली. तांब्याने आपले काम चोख केले होते. फळ्यांना किड्याचा स्पर्श नव्हता, तळ स्वच्छ होता.

पण मौज पुढेच आहे. काही ठिकाणचे पत्रे सुटून गेले होते. का सुटले म्हणून पाहिले, तर ते ठोकलेले लोखंडी खिळे विरघळून गेलेले! सुकाणूच्या लोखंडी बिजागऱ्याही खाल्ल्या गेलेल्या. तांबे शाबूत, लोखंड नाहीसे. माझ्या टेबलावर तात्यांनी ठेवलेला पुरावा आणि वूलिचच्या गोदीतला पुरावा एकच होता.

तपासणी करणाऱ्यांच्या नजरेस आणखी एक गोष्ट आली. काही थोडे खिळे मात्र धड राहिले होते. असे का? तांब्याचे पत्रे गोदीत आले होते ते जाड तपकिरी कागदात गुंडाळून. ठोकणाऱ्यांनी काही ठिकाणी तो कागद काढलाच नव्हता. जिथे खिळा आणि तांबे यांच्यामध्ये हा कागद राहिला, तिथला खिळा वाचला. कामगाराचा आळस म्हणा, घाई म्हणा, पण त्या आळसाने एक मोठा शोध लावून दिला! निष्कर्ष स्पष्ट होता. समुद्राच्या पाण्यात लोखंड आणि तांबे एकमेकांना चिकटून राहू देऊ नये.

निष्कर्ष कागदावर आला, पण अंमलात यायला वेळ लागला. १७७९ नंतर अमेरिकन युद्धाच्या घाईत आरमाराची जहाजेच्या जहाजे तांब्याने मढवली गेली आणि आतले मोठे लोखंडी बोल्ट तसेच राहिले. मध्ये कागद आणि डांबर घालून भागेल, अशी त्यांची समजूत होती. ते भागले नाही. शेवटी १७८०च्या दशकात लोखंडी बोल्ट काढून तांब्याच्या मिश्रधातूचे बोल्ट घालावे लागले. जाणते लोक कळूनही चुकतात, ह्याचा हा नमुना. मी तर न कळता चुकलो होतो. पण बुडणाऱ्याला त्याचा काय दिलासा?

आता, असे का होते? १७६३ साली ते कोणाला सांगता आले नव्हते, कारण विजेचे ते ज्ञान अजून जन्माला यायचे होते. १७९१ साली इटलीतल्या गॅल्व्हानी नावाच्या वैद्याने मेलेल्या बेडकाच्या तंगडीला दोन वेगवेगळ्या धातूंचा स्पर्श होताच ती उडते, असे प्रसिद्ध केले. त्याच्याच देशातल्या व्होल्टाने ह्याचे खरे मर्म धातूंच्या जोडीत आहे असे ओळखले आणि १८०० साली जस्त, तांबे व खारवलेला कपडा यांची चळत रचून जगातली पहिली बॅटरी केली. आपल्या विजेरीतला सेल हा त्या चळतीचाच नातू.

हे खेड्यातल्या भाषेत सांगायचे तर असे. पाण्यात पडलेला प्रत्येक धातू आपला थोडा थोडा अंश पाण्याला देऊ पाहतो. काही धातू मोठे उदार, काही मोठे चिक्कू. जस्त फार उदार, ॲल्युमिनियम त्याच्या आसपास, लोखंड त्यांच्या मागे, आणि तांबे-पितळ अगदी चिक्कू. आता उदार भाऊ आणि चिक्कू भाऊ एकाच घरात राहिले तर काय होते? सगळा खर्च उदार भावाच्या अंगावर पडतो. तो लवकर संपतो, आणि चिक्कू भाऊ गुबगुबीत राहतो. दोन धातू एकमेकांना भिडलेले असले आणि दोघांवर पाणी असले की हेच घडते. पाणी खारट असेल तर हा व्यवहार फार जलद चालतो.

तात्यांच्या होडीचे कोडे मला इथे उलगडले. धरणाचे पाणी गोडे, तेव्हा व्यवहार सावकाश चालायला हवा होता. पण तात्या मासळीसाठी बर्फ नेत आणि बर्फात मीठ टाकीत. ते वितळून होडीच्या तळाशी, नेमके ठिगळापाशी साचे. म्हणजे आम्ही घरच्या घरी समुद्र तयार केला होता. आधी पत्र्यावरचे जस्त गेले, मग खालचे लोखंड. बाहेरच्या बाजूला पाणी गोडे. गोड्या पाण्यातून वीज फार लांब जाऊ शकत नाही, म्हणून सगळी झीज ठिगळाच्या काठाकाठाने झाली. पत्रा पापडासारखा झाला तो ठिगळाभोवतीच, आणि हातभर लांबचा पत्रा धड राहिला, त्याचे कारण हेच.

ह्या इतिहासात आपल्या देशाचाही एक धागा आहे. लोखंडी आणि तांब्याची ही भांडणे चालली होती तेव्हा मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातले कारागीर सागवानी जहाजे बांधीत होते. इंग्लंडातल्या ओक लाकडात एक आम्ल असते, ते आतल्या लोखंडाला खाते. सागवानात तेल असते, ते लोखंडाला सांभाळते. १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरलेले 'त्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज इंग्लंडात हार्टलपूल इथे आजही तरंगत ठेवलेले आहे. दुसरे एक जहाज, 'समारंग', १८२२ साली कोचीनला पाण्यात उतरले. त्या जहाजाने आपल्या कथेत मोठेच काम केले.

त्या वेळी आरमाराला वेगळी काळजी पडली होती. तांबे लोखंडाला खाते हे कळले होते, पण समुद्र तांब्यालाही हळूहळू खातो, आणि तांबे महाग. हा प्रश्न हंफ्री डेव्ही ह्या रसायनशास्त्रज्ञाकडे आला. खाणीतल्या दिव्यामुळे ज्याचे नाव आपण शाळेत शिकतो तोच हा डेव्ही. त्याने उलटा विचार केला. तांबे लोखंडाला संपवते, ह्याचा अर्थ लोखंड स्वतः संपून तांब्याला वाचवते. मग मुद्दामच तांब्याला लोखंडाचा एक तुकडा जोडून दिला तर? १८२४ साली त्याने हा विचार रॉयल सोसायटीपुढे मांडला, आणि आपले कोचीनचे 'समारंग' हे प्रयोगासाठी निवडलेल्या जहाजांपैकी एक होते. त्याच्या तांब्याला बिडाच्या लोखंडाचे तुकडे जोडले. जहाज अटलांटिक ओलांडून नोव्हा स्कॉशियाला जाऊन १८२५ साली परतले. तांबे शाबूत राहिले होते.

पण श्रोतेहो, निसर्ग एका हाताने देतो तेव्हा दुसरा हात पुढे करतो. तांबे आता विरघळत नव्हते, म्हणून त्याचा कडू विषारी अंश पाण्यात उतरत नव्हता. आणि तो उतरत नव्हता म्हणून अशा रीतीने राखलेल्या तळांवर शेवाळ आणि शंखशिंपले बिनघोर वाढले. तांबे वाचले आणि जहाजाची चाल गेली. १८२५ सालीच आरमाराने समुद्रावर जाणाऱ्या जहाजांवरून ते तुकडे काढून टाकण्याचा हुकूम दिला. डेव्हीला हे फार लागले. तथापि त्याचा विचार खरा होता, फक्त त्याची जागा वेगळी होती. आज लोखंडी जहाजांच्या तळाला जस्ताचे ठोकळे लावतात. जस्त झिजते, जहाज राहते. ठोकळा संपला की नवा लावायचा.

आता लोखंडी बोटीकडे येऊ. जॉन विल्किन्सन ह्या इंग्रज कारखानदाराने १७८७ साली लोखंडी पत्र्यांची एक नाव सेव्हर्न नदीत सोडली. लोखंड पाण्यावर तरंगणार कसे, म्हणून लोक हसत होते. नाव तरंगली. १८२२ साली 'एरन मॅन्बी' ही लोखंडी आगबोट समुद्र ओलांडून फ्रान्सला पोहोचली. लोखंडाला किडा लागत नाही, फळीसारखी फट पडत नाही. पण पत्र्याला पत्रा जोडायचा तो रिव्हेटांनी, आणि ठेच लागली, हादरे बसले की रिव्हेट ढिले होणार. शिवाय गंज आहेच. गंजावर सोरेल नावाच्या फ्रेंच माणसाने १८३७ साली पेटंट घेतले: लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवून काढायचे. आपल्या घरावरचा पांढरा पत्रा तो हाच. त्या पत्र्यावर ओरखडा पडला तरी लोखंड लगेच गंजत नाही, कारण शेजारचे उदार जस्त स्वतः झिजून त्याला सांभाळते. डेव्हीचा विचार आपण नकळत रोज डोक्यावर घेऊन झोपतो!

आणि मी काय केले होते? लोखंडाला जस्ताचा आधार होता, तिथे मी तांब्याचा भार घातला.

राहिले ॲल्युमिनियम. १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू, अशा दोन तरुणांनी एकमेकांना न ओळखता विजेच्या साहाय्याने हा धातू स्वस्तात काढण्याची एकच युक्ती शोधली. लगेच तो नावांसाठी वापरण्याचे वेड आले. १८९५ साली अमेरिकेत 'डिफेंडर' नावाची शर्यतीची नौका बांधली, पाण्याखाली कांशाचा पत्रा आणि वरती ॲल्युमिनियमचा. शर्यत तिने जिंकली; पण चिक्कू आणि उदार यांची पुन्हा गाठ पडली होती. समुद्राच्या पाण्यात ॲल्युमिनियम झिजत गेले आणि १९०१ साली ती मोडीत काढावी लागली. 'अलार्म'चा धडा मिळून तेव्हा एकशेचाळीस वर्षे होत आली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र विमाने बनवणाऱ्या कारागिरांची ॲल्युमिनियमची विद्या नावांकडे वळली. अमेरिकेतल्या ग्रमन ह्या विमानांच्या कंपनीने १९४५ साली ॲल्युमिनियमच्या हलक्या होड्या काढल्या, आणि तळ्यांतून, नद्यांतून मासे धरणाऱ्या लोकांनी त्या उचलून धरल्या. एका माणसाने पाठीवर घेऊन चालावी इतकी ती होडी हलकी.

आता शिक्षकबंधूंनो आणि मासेमारी करणाऱ्या मंडळींनो, ह्या सगळ्या इतिहासातून हाती काय लागते ते थोडक्यात सांगतो. मी ते तात्यांच्या दुसऱ्या होडीवर, जाणत्या कारागिरांना विचारून विचारून शिकलो.

पहिली गोष्ट, लहान भोकाला लहान समजू नका. होडीच्या तळाला एक सेंटिमीटर रुंदीचे भोक आहे आणि ते पाण्याच्या पातळीखाली एक फूट आहे, असे धरा. हिशेब केला तर त्यातून मिनिटाला सुमारे सात लिटर पाणी आत येते. लिटराला एक किलो वजन. म्हणजे तासाभरात चारशे किलोंहून अधिक, सहासात माणसे होडीत बसल्यासारखे. होडी सातवा माणूस बसेपर्यंत थांबत नाही. वरच्या वर्गांच्या शिक्षकांनी हा हिशेब मुलांकडून जरूर करून घ्यावा.

दुसरी गोष्ट, गळती शोधायची ती पाण्यात होडी ठेवून नव्हे. आतले पाणी तळाशी जमा होते, ते आले कुठून ते कळत नाही. होडी काठावर आणा, दोन-तीन भक्कम आडव्या लाकडांवर ठेवा, आणि आत चार बोटे पाणी ओता. जास्त नको, पाण्याच्या वजनाने तळ वाकेल. मग खाली वाकून पाहा. जिथे थेंब धरेल तिथे खडूने खूण करा. बाहेर येणारा थेंब कधी खोटे बोलत नाही.

तिसरी गोष्ट, रिव्हेट. बऱ्याच गळत्या भोकाच्या नसतात, ढिल्या रिव्हेटाच्या असतात. ह्याला दोन माणसे लागतात. एकाने रिव्हेटाच्या डोक्याला बाहेरून जड लोखंडाचा ठोकळा घट्ट टेकवायचा, दुसऱ्याने आतून हातोडीचे हलके हलके ठोके द्यायचे. एकच जोराचा घाव घातलात तर पत्रा फाटेल. रिव्हेट झिजलेला असेल तर तो काढून किंचित जाड, पण त्याच धातूचा नवा मारायचा.

चौथी गोष्ट ठिगळाची, आणि ही माझ्या अनुभवाची आहे. पत्र्याला पत्र्याच्याच धातूचे ठिगळ. जस्ती पत्र्याला जस्ती, ॲल्युमिनियमला ॲल्युमिनियम. आधी जागा घासून चकचकीत करा. रंगावर आणि गंजावर काहीही चिकटत नाही. ठिगळाचे कोपरे गोल कापा, टोकदार कोपऱ्यापासून नवी चीर सुरू होते. ठिगळ आणि पत्रा यांच्यामध्ये पाण्यात टिकणारा, लवचिक राहणारा लेप भरपूर द्या आणि मग रिव्हेट मारा. दुसऱ्या धातूचा बोल्ट घालणे अगदीच भाग पडले, तर मध्ये रबराची चकती आणि लेप घाला. 'अलार्म'वरच्या तपकिरी कागदाने जे केले तेच काम ही चकती करते. तिचा भरवसा मात्र कायमचा धरू नका, दर मोसमाला पाहा. ॲल्युमिनियमच्या होडीला तांबे मिसळलेला रंग लावू नका, आणि तळाच्या पाण्यात तांब्या-पितळेचे नाणे किंवा तारेचा तुकडाही पडू देऊ नका.

पाचवी गोष्ट, जस्ती पत्र्याला वेल्डिंग करायचे असेल तर ते जाणत्याकडून, उघड्या हवेत. जस्त जळून जो पांढरा धूर निघतो तो छातीत गेला की थंडीताप भरतो. ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा तर साध्या वेल्डिंगने वितळून जातो, त्याची पद्धत निराळी आहे. आणि शेवटची गोष्ट, रोज संध्याकाळी होडी पालथी करा. तळाशी राहिलेले खारट पाणी रात्रभर काम करीत असते. आपण झोपतो, ते झोपत नाही.

शिक्षकांसाठी एक प्रयोग सांगतो. तीन सारखे लोखंडी खिळे घ्या. एक तसाच ठेवा, दुसऱ्याला तांब्याची उघडी तार घट्ट गुंडाळा, तिसऱ्याला जस्ताची पट्टी. तिन्ही वेगवेगळ्या पेल्यांत मिठाच्या पाण्यात ठेवा आणि मुलांना रोज नोंद करायला सांगा. तांबेवाल्याचे पाणी सर्वांत जास्त तांबूस होते आणि जस्तवाला खिळा पुष्कळ दिवस स्वच्छ राहतो. एका काचेच्या पेल्यात 'अलार्म', दुसऱ्यात 'समारंग' दिसू लागते. विज्ञानाच्या तासाला इतिहास आणि इतिहासाच्या तासाला विज्ञान शिकवण्याची ही सोपी संधी आहे.

मी हा प्रयोग वर्गात केला त्या आठवड्यात तात्यांना मुद्दाम बोलावले होते. ते मुलांच्या मागे, भिंतीला टेकून बसले. तीन पेले पाहिले, तांबूस पाणी पाहिले. मी त्यांना 'अलार्म'ची हकीकत सांगितली, आणि मुलांच्या देखत हेही सांगितले की, "तात्या, ती होडी माझ्या सल्ल्यानं बुडाली." वर्ग शांत झाला. तात्या थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गुरुजी, त्या इंग्रजाला समजायला दोन वर्सं लागली, तुमाला दोन पावसाळं लागलं. पर पोरांना आजच समजलं न्हवं? झालं तर मग."

तात्यांच्या नव्या होडीसाठी गावाने वर्गणी काढली. माझा वाटा त्यात थोडा जास्त होता, तो असायलाच हवा होता. तिलाही पुढे खडक लागले, तिलाही ठिगळे पडली, पण ती जस्ताला जस्ताची. बंबाचे ते ठिगळ तात्यांनी परत नेले नाही. ते शाळेतच राहिले. नव्या मुलांना मी ते हातात देतो आणि विचारतो, "हे तांबं जसंच्या तसं आहे. मग पत्रा का सडला?" आणि उत्तर येईपर्यंत इतिहासाचा तास सुरू करीत नाही.